साडेपाचची हाक

स्वीडन देशी, हेर्येदालेन प्रांतात, मॉर्कव्हालेन नावाच्या डोंगरकुरणावर, सन दोन हजार बावीसच्या ऑगस्ट महिन्याच्या अठराव्या तारखेस, गुरुवारी, सकाळी साडेनऊ आणि साडेदहा यांच्या दरम्यान केव्हातरी, मेर्ता हेडलुंड या चौसष्ट वर्षांच्या बाईचा मोबाईल हरवला. केव्हातरी, असेच म्हणावे लागते. घटनेचा क्षण अचूक सांगता आला असता, तर त्या वस्तूला हरवलेली म्हणण्याचे कारणच उरले नसते.

सकाळचे दूध काढून झाल्यावर मेर्ताने सात गाई आवारातून सोडल्या आणि त्यांच्यामागून दलदलीच्या काठापर्यंत ती चालत गेली. गाई लहान चणीच्या, पांढऱ्या, काळ्या कानांच्या आणि बिनशिंगाच्या होत्या. त्या डोंगरावर मोठ्या अंगाची गाय टिकत नाही. पुढे मायरूस, गळ्यात घंटा असलेली, बाकीच्या सहा तिच्यामागे. दलदलीशी पोचल्यावर प्रत्येकीला चिमूटभर मीठ द्यायचे आणि जंगलाच्या हवाली करायचे, हा मेर्ताचा चाळीस उन्हाळ्यांचा नेम होता. त्या दिवशी सहाव्या गाईला मीठ देताना तिला खोकल्याची उबळ आली. तिच्या गळ्याच्या खळगीत श्वासासाठी ठेवलेले भोक होते आणि त्यावरचा कपडा उबळीसरशी चिकटून बसला. मिठाची पिशवी तिने एका ओंडक्यावर ठेवली, ओढ्यावर जाऊन कपडा धुतला, पिळला, पुन्हा बांधला आणि श्वास जाग्यावर येईपर्यंत दगडावर बसून राहिली. मग पाय आपल्या सवयीने घराकडे वळले. झोपडीच्या दारात पोचून कमरेला हात लावला, तेव्हा पिशवी नव्हती. आणि मोबाईल पिशवीत होता.

मोबाईल मिठाच्या पिशवीत ठेवणे हा मूर्खपणा होता, असे पुढे दिवसभर तिला प्रत्येकाने आपापल्या परीने ऐकवले. पण त्यामागे विचार होता. दूध काढणाऱ्या बाईच्या खिशात दिवसाकाठी चार वेळा काही ना काही सांडते. मीठ मात्र ओल ओढून घेते, म्हणून मिठातली वस्तू कोरडी राहते. तिची आत्या कुलपाच्या किल्ल्या, काडेपेटी आणि नवऱ्याचे घड्याळ मिठातच ठेवी. आत्याचे घड्याळ कधी बंद पडले नव्हते. मेर्ताचा फोनही दोन उन्हाळे बंद पडला नव्हता.

ती उलटपावली गेली. ओंडका रिकामा होता. त्यावर तळहाताएवढा ओला डाग होता आणि शेजारच्या दलदलीत कुणाच्या तरी बुटांचे ठसे होते; रानातली पिवळी बोरे वेचणारी माणसे पहाटे तिथून गेली असावीत. गाई कधीच दिसेनाशा झाल्या होत्या. ती तिथे उभी राहिली. अशा वेळी माणूस कुणाला तरी हाक मारतो. मेर्ताला तीही सोय नव्हती.

झोपडीत नवरा हिल्डिंग चुलीवरच्या मोठ्या कढईत चीज काढल्यावर उरलेली दुधाची निवळ ढवळत होता. निवळ आटून तपकिरी होईपर्यंत आठ तास ढवळावी लागते आणि ढवळणाऱ्याने कढई सोडायची नसते. मुलगी वेंडेला गावातल्या दवाखान्यातली नोकरी आठवडाभर बाजूला ठेवून मदतीला वर आली होती. ती टेबलाशी चीज कापडात गुंडाळत होती. मेर्ता दारात आली, कमरेची पाटी काढून तिने खडूने एकच शब्द लिहिला आणि पाटी दोघांकडे फिरवली: फोन.

"फोनचं काय?" हिल्डिंगने विचारले. मग तिचा चेहरा पाहून त्याच्या हातातली पळी थांबली.

"बाबा, ढवळा," वेंडेला म्हणाली. "आई, कुठं ठेवला होतास? पिशवीत? मिठाच्या? अगं, किती वेळा सांगितलं तुला!"

मेर्ताने पाटी पुसली.

"आणि त्यातल्या हाकेची एक प्रत काढून ठेवू, हेही किती वेळा सांगितलं? दोन मिनिटांचं काम होतं. दोन मिनिटांचं! पण नाही. हाक जंगलाबाहेर जायची नाही. आता गेली ना? आता जंगलातच गेली."

"वेंडेला," हिल्डिंग म्हणाला.

"नाही बाबा, मला बोलू द्या. ह्या घरात बोलणारं कुणी तरी हवं."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिचे तिलाच लागले. ती चीजचे कापड उलगडू लागली, पुन्हा गुंडाळू लागली.

गोष्ट अशी होती. त्या डोंगरावरच्या बायका संध्याकाळी गाईंना हाक मारतात. ती हाक म्हणजे शब्द नव्हेत, उंच, ताणलेला, तीन तीन डोंगर ओलांडणारा सूर. प्रत्येक बाईचा सूर वेगळा आणि तिच्या गाई त्याच सुराला ओळखतात. मेर्ताचा सूर आत्याकडून आलेला. तो घरात काढायचा नाही, पाहुण्यांना ऐकवायचा नाही, दुसऱ्या कुरणाला द्यायचा नाही, असा आत्याचा दंडक होता आणि मेर्ताने तो पाळला होता. दोन वर्षांपूर्वी घशातली गाठ काढताना डॉक्टरांना तिचे स्वरयंत्रच काढावे लागले. शस्त्रक्रियेसाठी खाली उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी, वेंडेलाने पुष्कळ रडून भेकून, फाटकाशी उभी राहून ती हाक आईच्या फोनमध्ये भरून घेतली. तेवढी एकच. पुढच्या उन्हाळ्यात वेंडेलाने स्वतः हाक मारून पाहिली होती. गाईंनी माना वर केल्या, तिच्याकडे सभ्यपणे पाहिले आणि पुन्हा खाली घातल्या. रोसा नावाच्या गाईने तर तेवढ्यात शेण टाकले. रुग्णालयाने मेर्ताला गळ्याशी धरून बोलायचे एक यंत्रही दिले होते. त्यातून निघणारा घरघर आवाज ऐकून वासरे कुंपण मोडून पळाली, तेव्हापासून ते चीजच्या फडताळात पडून होते.

म्हणून मग ती हाक फोनच्या गजरात बसवली गेली. मेर्ताच्या बोटांना सदा दूध किंवा निवळ लागलेली; ओल्या बोटांना फोनची काच दाद देत नसे. त्यावर वेंडेलाने हा तोडगा काढला. रोज संध्याकाळी साडेपाच वाजता फोन आपण होऊन हाक मारी आणि अर्धा तास पुन्हा पुन्हा मारत राही. मेर्ता तो पत्र्याच्या बादलीत ठेवून बादली फाटकाच्या खांबाला आडवी टांगत असे, तोंड जंगलाकडे करून. पत्र्याने आवाज दुणावे आणि गाई येत. एरवी फोनचा आवाज बंदच असे.

आणि त्या वर्षी गाईंनी वेळेवर येणे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. जुलैत शेजारच्या कुरणावर तूरेची कालवड अस्वलाने फाडली होती. मागच्या आठवड्यात ओढ्याच्या पलीकडे अस्वलाची ताजी विष्ठा दिसली होती, आत बोरांच्या बिया. शिवाय दुभती गाय एक रात्र न पिळता राहिली, तर सकाळी तिची कास दगडासारखी होते आणि कधी कधी एक सड कायमचा जातो.

झोपडीमागे एक मोठा शिलाखंड होता. झोपडीच्या आसपास मोबाईलला तेवढ्याच जागी रेंज सापडे, म्हणून त्याला फोनचा दगड म्हणत. वेंडेला त्यावर चढली. हिल्डिंग मेर्ताच्या हातात पळी देऊन तिच्यामागे गेला. मेर्ताने चार वेळा ढवळले, कढई उचलून चुलीच्या कडेला ओढली आणि तीही गेली. आठ तासांच्या निवळीकडे अशी पाठ फिरवलेली त्या घरात पूर्वी कुणी पाहिली नव्हती.

वेंडेलाने आपल्या फोनवरून आईचा नंबर लावला. पलीकडे वाजत होते.

"चालू आहे," ती म्हणाली. "म्हणजे पाण्यात पडलेला नाही. आणि चोरानं बंदही केलेला नाही."

"चोर कुठून आला?" हिल्डिंग म्हणाला.

"बुटांचे ठसे आहेत असं लिहिलं ना तिनं." वेंडेलाने पुन्हा नंबर लावला, मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मेर्ताने तिचे मनगट धरले. पाटीवर लिहिले: आवाज बंद आहे. बॅटरी जाईल.

हे बरोबर होते आणि वेंडेलाला ते आवडले नाही. तिने नकाशा उघडला. हरवलेला फोन नकाशावर दाखवणारी सोय तिनेच गेल्या नाताळात आईच्या फोनमध्ये बसवली होती. बराच वेळ वाट पाहिल्यावर एक निळे वर्तुळ उमटले. त्या वर्तुळात तीन दलदली, एक तळे आणि अर्धा डोंगर होता. खाली आकडा होता: बॅटरी सव्वीस टक्के.

"सापडला," हिल्डिंग म्हणाला. "ह्याच डोंगरावर आहे. हे मी नकाशाशिवायही सांगितलं असतं."

मग वेंडेलाने फोनला दुरून कुलूप लावले आणि कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. सतरा मिनिटे संगीत वाजले. शेवटी एका तरुण मुलीचा आवाज आला. फोन कुणाच्या नावावर आहे, तिने विचारले.

"माझ्या आईच्या."

"मग मला त्यांच्याशीच बोलावं लागेल. त्यांनी स्वतःचं नाव आणि जन्मनोंदणीचा नंबर सांगितला पाहिजे."

"ती बोलू शकत नाही. तिला स्वरयंत्र नाही."

"कसलं यंत्र?"

"घशातलं. कापून काढलंय."

"मग असं करा, त्यांना जरा बरं वाटलं की—"

"दोन वर्षं झाली त्याला. याहून बरं तिला वाटायचं नाही."

वेंडेलाने फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला होता. मेर्ता दगडाखाली उभी होती. आपल्याविषयी दोन माणसे आपल्या डोक्यावरून बोलतात, याची तिला दोन वर्षांत सवय झाली होती; दुकानदार तिच्या पैशांची मोड हिल्डिंगच्या हातात देत, डॉक्टर तिच्या घशाबद्दल वेंडेलाला विचारत. तिने पाटी उचलली आणि बोटांच्या सांध्याने तिच्यावर जोरात ठोकले. एकदा.

"हे काय वाजलं?" मुलीने विचारले.

"माझी आई," वेंडेला म्हणाली.

पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मला ऐकताय? ऐकत असाल तर पुन्हा वाजवा."

मेर्ताने पुन्हा वाजवले.

"मग... नंबर वाजवून सांगता येईल तुम्हाला? एक एक आकडा? मी मोजते."

आणि मेर्ताने तो वाजवला. पाच ठोके, थोडा थांबा. आठ ठोके, थोडा थांबा. शून्यापाशी तिचा हात अडला. मग तिने खडू आडवा धरून पाटीवर एक लांब रेघ ओढली. "शून्य," पलीकडची मुलगी तत्काळ म्हणाली, जणू ती भाषा तिला जन्मापासून येत होती. हिल्डिंग दगडाला टेकून उभा होता. त्याचे ओठ आकड्यांबरोबर हलत होते.

"बरोबर," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "अगदी बरोबर. आता नीट ऐका. तुमच्या मुलीला तिच्या फोनवरून तुमच्या फोनमधलं सगळं पुसून टाकता येईल. ते आधी करा. मग मी नंबर बंद करते. आधी नंबर बंद केला, तर फोन नकाशावर दिसणार नाही आणि पुसायचा हुकूमही त्याच्यापर्यंत पोचणार नाही. मी तुमच्या जागी असते तर आत्ताच केलं असतं. हो असेल तर एकदा वाजवा. नको असेल तर दोनदा."

मेर्ताने दोनदा वाजवले.

"आई!"

"बाई, त्यात तुमची बँक असेल, पत्रं असतील—"

पुन्हा दोनदा. पाटीची लाकडी चौकट तडकली.

मुलीने उसासा टाकला. "तुमचा फोन आहे. विचार बदलला तर परत करा. मी साडेसहापर्यंत आहे. मलाच मागा." आणि तिने आपले नाव सांगितले.

फोन बंद झाल्यावर वेंडेला दगडावरून उतरली. "उद्या बँक रिकामी झाली म्हणजे?"

मेर्ताने हिल्डिंगकडे बोट केले, मग दगडाकडे. हिल्डिंग गुडघे धरत दगडावर चढला आणि त्याने आपल्या फोनवरून बँकेला सांगून मेर्ताच्या खात्याची दारे लावून घेतली. बँकेतल्या माणसाला मेर्ताचा आवाज नको होता. खाते दोघांचे होते. "झालं," तो म्हणाला. "आता त्या फोनमध्ये पैसे नाहीत. आता काय उरलं त्यात?"

मेर्ताने पाटीवर लिहिले: साडेपाच.

दुपारी जेवायला पातळ भाकरी, लोणी आणि खारवलेला मासा होता. मासा कुणी तोंडाला लावला नाही. निवळ तळाशी लागली होती आणि झोपडीभर करपट वास होता. वेंडेलाने फोनवरून कळवले होते म्हणून दोन वाजता शेजारचा तूरे आपल्या चारचाकी बाईकवरून आला. साठीचा, अंगाने दणकट, बायको गेल्यापासून एकटा. त्याच्या बोलण्याला कुंपण नव्हते.

"ऐकलं मी," तो दारातूनच म्हणाला. "खाली रस्त्यावर बोरं वेचणाऱ्यांची निळी गाडी उभी आहे. परदेशी माणसं. मी सांगतो तुम्हाला, फोन त्या गाडीत आहे."

"तू पाहिलास?" हिल्डिंगने विचारले.

"अस्वल तरी मी कुठं पाहिलं होतं? कालवड तरीही गेली."

"तुझ्या तर्कानं चालायचं तर कालवडही त्यांनीच खाल्ली."

"हस तू. पोरी, बघ तुझा तो नकाशा."

वेंडेला दगडावर गेली आणि धावतच परत आली. निळे वर्तुळ हलले होते. दलदलीच्या उत्तरेला, रस्त्याच्या बाजूला, जवळजवळ दोन किलोमीटर. बॅटरी एकोणीस.

"चालतोय!" ती म्हणाली. "आई, फोन चालतोय! कुणाच्या तरी खिशात आहे तो, आणि रस्त्याकडे चाललाय. आता तरी पुसू दे. गाडीत बसला की संपलं. पोलिसांचा अर्ज मी अर्धा भरलाय. हरवला की चोरीला गेला, एवढंच विचारतायत. चोरीला लिहिते."

मेर्ताने अर्जाकडे पाहिले. मग पाटीवर लिहिले: कुणाला पाहिलं नाही.

"मग काय लिहू? उडून गेला?"

तूरे तोवर बाईकवर बसला होता. "अर्ज लिहा तुम्ही. मी माणसं बघतो."

तो दीड तासाने आला तेव्हा बाईक सावकाश चालवत होता. मागच्या पेटीत पिवळ्या बोरांची बादली होती. तो पायरीवर बसला आणि टोपी काढून हातात फिरवत राहिला.

"मिळाला?" वेंडेलाने विचारले.

"नाही." "मी म्हटलं पिशव्या उघडा. उघडल्या. सगळ्यांनी. एक म्हातारी होती, माझ्या आईच्या वयाची. तिला मी काय म्हणतोय ते कळेना, तर तिनं आपली सगळी बादली ताडपत्रीवर पालथी केली. पहाटेपासून वेचलेली. गुडघ्यावर बसून परत भरायला लागली, तर मी मदत करायला वाकलो. तिनं मला हातानं बाजूला केलं." त्याने टोपी डोक्यावर घातली. "निघताना ही बादली दिली. पैसे घेईनात."

"खाल्लीस का?" हिल्डिंगने विचारले.

"घशाखाली उतरतील का?"

वेंडेला पुन्हा दगडाकडे निघाली. मेर्ताने तिची बाही धरली. पाटीवर लिहिले होते: पुरे. बॅटरी. वेंडेला आईकडे पाहत राहिली. मग तिने आपला फोन बंद करून एप्रनच्या खिशात टाकला. तो दिवसभराच्या वादातला पहिला मुद्दा होता जो तिने सोडला.

सव्वापाचला मेर्ताने पत्र्याची बादली धुतली आणि फाटकाच्या खांबाला आडवी टांगली, तोंड जंगलाकडे करून. बादली रिकामी होती. हिल्डिंगने तिच्याकडे पाहिले. पाटी तिने खांबावरच्या खिळ्याला अडकवली. चौघे फाटकाशी उभे राहिले. ऊन अजून डोंगराच्या खांद्यावर होते, दलदलीवर चिलटांचे थवे सोनेरी दिसत होते आणि त्यापलीकडे देवदारांची काळी रांग. वारा नव्हता.

साडेपाच वाजले, हे हिल्डिंगच्या मनगटावरच्या घड्याळाने सांगितले. जंगलाने काहीच सांगितले नाही.

पाच पस्तीस झाली. पाच चाळीस.

"आई," वेंडेला हळूच म्हणाली, "बॅटरी संपली असेल. मी हाक मारून बघू?"

मेर्ताने मान हलवली नाही. ती ऐकत होती. तिला एक गोष्ट आठवत होती आणि ती कुणाला सांगण्याजोगी नव्हती: चाळीस वर्षे ती याच जागी उभी राहून ओरडली, पण ओरडणाऱ्याला ऐकू येतो तो सूर नव्हे, त्याला आपल्याच हाडांतला कंप ऐकू येतो. गेले दोन उन्हाळे तिने ऐकला तो बादलीतला आवाज होता, पत्र्याचा, शेजारी उभा राहून ऐकलेला. त्या हाकेत गाईंना काय ऐकू येत असे, ते तिला कधीच कळले नव्हते.

"श्शू," हिल्डिंगने बोट वर केले.

घंटा. फार दूर, दलदलीच्या उत्तरेला. मायरूसची घंटा पितळेची होती, जराशी चिरलेली, तिच्या प्रत्येक ठोक्यामागे एक खरखर येई. ठोके चरणाऱ्या गाईचे नव्हते. चालणाऱ्या गाईचे होते, सम, एकापाठोपाठ एक. आणि मग, ठोक्यांच्या मधल्या जागेत, काहीतरी.

प्रथम ते कुणाला ओळखू आले नाही. देवदारांच्या खोडांतून गाळून येत होते, कधी तळ्याच्या बाजूने, कधी वरून. एक बारीक उंच सूर, वर चढत जाणारा, टोकाला थरथरणारा आणि मग, जिथे कुणी अपेक्षा केली नसती तिथे, खाली झुकणारा. पत्र्याचा नाद त्यात नव्हता. डोंगराने तो आपल्या अंगाला लावून परत दिला होता. थांबला. पुन्हा आला, जवळून.

तूरेने टोपी काढली. चर्चमध्ये काढतो तशी.

"आई," वेंडेला म्हणाली.

हा आवाज मेर्ताचा होता आणि ती गप्प उभी होती. ती इथे होती आणि ती जंगलातही होती, घशासकट, सबंध, आणि तिथून कुणाला तरी घरी बोलावत होती. त्या सुरात काय होते, ते तिला आता कळले. शब्द नव्हता, हुकूम नव्हता, लाडीगोडीही नव्हती. दिवस संपला आहे आणि तुझी जागा तयार आहे, एवढेच त्यात होते. पण ते असे होते की ऐकणाऱ्याच्या पायांना विचार करावा लागू नये.

देवदारांच्या काळ्या रांगेतून मायरूस बाहेर आली. मिठाच्या पिशवीचा चामडी पट्टा तिच्या गळ्यात होता, घंटेच्या वर, मीठ चाटायला डोके खुपसताना कानांमागे अडकलेला. पिशवी हनुवटीखाली लोंबत होती, चाटून चाटून काळी पडलेली, आणि आवाज त्या पिशवीतून येत होता. मायरूस त्याच्याकडे लक्ष देत नव्हती. हाक आपल्याच गळ्यातून निघते आहे, याचे तिला नवल नव्हते. हाक आली की घरी जायचे असते. ती घरी चालली होती. तिच्यामागे रोसा, मग बाकीच्या, काठाकाठाने, दलदलीतली घट्ट जमीन अचूक निवडत. शेवटी छोटी लिल्या, मागच्या डाव्या पायाने किंचित लंगडत.

"सात," तूरे म्हणाला. "साती आहेत."

"मेर्ता," हिल्डिंगचा आवाज आला, "कुठं निघालीस?"

तेव्हा तिने पाहिले. फाटक तिच्या मागे, तीस पावलांवर होते. बूट घोट्यापर्यंत दलदलीत रुतले होते. ती केव्हा चालू लागली, तिला आठवत नव्हते. हिल्डिंगला उत्तर द्यायला पाटी नव्हती. ती खांबावरच राहिली होती. ती तिथेच उभी राहिली आणि गाई तिच्या दोन्ही बाजूंनी, उबदार, ओल्या, बोरांचा आणि चिखलाचा वास असलेल्या, पुढे निघून गेल्या. मायरूस तिच्याजवळ थांबली. मेर्ताने पट्टा सोडवला. पिशवीत मिठाचा कण उरला नव्हता. फोन लाळेने चिकट झाला होता, काचेवर एक आडवी चीर होती आणि तो तिच्या तळव्यावर, तिच्याच आवाजात, तिला घरी बोलावत होता. तिने तो बंद केला नाही. तो आपण होऊन थांबला. कोपऱ्यातला आकडा होता तीन.

आधी दूध. त्याला त्या घरात पर्याय नसतो. मेर्ताने मायरूसच्या पोटाला कपाळ टेकले आणि पहिल्या धारा बादलीच्या तळावर वाजल्या. खारट तोंडाने दिवसभर प्यायलेले पाणी कासेत उतरले होते. मायरूसने रोजच्यापेक्षा लिटरभर जास्त दिले. लिल्याच्या खुरात एक काटकी होती, ती हिल्डिंगने सुरीच्या टोकाने काढली. तूरे, कुणी सांगितले नसताना, पाणी ओढत होता.

"खाल्ल्या मिठाला जागली म्हणायची," तो मायरूसकडे पाहून म्हणाला.

"तू मात्र उद्या सकाळी त्या निळ्या गाडीकडे जा," हिल्डिंग म्हणाला. "चीज घेऊन जा. मोठं."

"जाईन." तूरेने बादली खाली ठेवली. "म्हातारीला काय म्हणू? तिला माझी भाषा येत नाही."

"मग गुडघ्यावर बस आणि दिवसभर बोरं वेच. ते कळतं सगळ्यांना."

दूध गाळून झाले तेव्हा सव्वासात वाजले होते आणि ऊन डोंगराच्या कडेवर आले होते. वेंडेलाने मदतकेंद्राला फोन करून त्या मुलीला मागितले. ती साडेसहालाच घरी गेली होती. फोन सापडला, एवढा निरोप वेंडेलाने तिच्यासाठी ठेवला. मग तिने पोलिसांचा अर्ध्यावर राहिलेला अर्ज उघडला आणि पुसून टाकला. दुपारपासून हाताशी आलेल्या गोष्टींपैकी तेवढीच एक तिने पुसली. मग ती टेबलाशी आईसमोर बसली. मधे तारेला लावलेला फोन होता, पुसून कोरडा केलेला, कडांमध्ये अजून मीठ असलेला. झोपडीत दिवा होता, पण वीज जेमतेम, छतावरच्या सौर पत्र्याने दिवसा साठवलेली.

"मी पुन्हा विचारणार नव्हते," वेंडेला म्हणाली. "पण विचारते. एकदाच. नाही म्हणालीस तर आयुष्यात परत विचारणार नाही."

हिल्डिंग कढईचा करपलेला तळ खरवडत होता. त्याचा हात थांबला.

मेर्ताने पाटी समोर घेतली. तडकलेल्या चौकटीवरून तिने अंगठा फिरवला. आत्याचा दंडक तिला पाठ होता, आणि तो मोडताना काय वाटावे याचा अंदाज तिने दिवसभर बांधला होता. त्यातले काहीच आता वाटत नव्हते. आत्याने ही हाक दलदलीपलीकडून कधी ऐकली नव्हती. ऐकली असती, तर तिने दंडक वेगळा घातला असता, की तोच, हे ठरवायला आता कुणी उरले नव्हते. खडू घेऊन तिने लिहिले, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत, आणि पाटी आधी मुलीकडे, मग नवऱ्याकडे फिरवली.

हिल्डिंगने डोळे बारीक करून ते मोठ्याने वाचले, त्या घरात निकाल वाचायचे काम त्याच्याकडेच असे:

"हाक गाईंची आहे. प्रत काढ."